टेरिपॅराटाइडचं पेन: वर्षभराच्या वापरानंतर

माझं वय ६६. कंबरेच्या वरचा मणका दबला, तोही पडून नव्हे, पाण्याची कळशी उचलताना. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत, कंबरेचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे ३.४ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं धरतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी आधीपासून चालू होती. ती उठल्याबरोबर उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. हे सगळं पाळूनही छातीत जळजळ थांबेना. मग डॉक्टरांनी ती बंद करून टेरिपॅराटाइडच्या रोजच्या इंजेक्शनचं हे पेन सुरू केलं.

गोळी हाडाची झीज रोखते, टेरिपॅराटाइड नवं हाड बनवतं. गंमत म्हणजे हा मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाचाच तुकडा आहे. ते संप्रेरक रक्तात सतत चढलेलं राहिलं तर हाडं झिजतात आणि दिवसातून एकदाच थोडंसं दिलं तर हाडं भरतात.

सुईची धास्ती नको. इन्सुलिनच्या पेनला लागते तशीच बारीक सुई, रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर. सुया मात्र वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सुरुवातीला इंजेक्शननंतर उठलं की गरगरायचं, म्हणून रात्री पलंगावर बसूनच घेते. पायात गोळे अजून येतात.

खरी कटकट फ्रीजची. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठलं तर फेकायचं. आमच्या जुन्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला बर्फ धरतो, त्यामुळे पेनाची जागा पुढे, दह्याच्या भांड्याशेजारी. गावी लग्नकार्याला जायचं तर गार पिशवी आणि बर्फाच्या पाकिटाला गुंडाळायला नॅपकिन. वर २८ दिवस झाले की आत औषध उरलेलं दिसलं तरी टाकून द्यायचं. महिन्याला काही हजार मोजणाऱ्या आमच्या ह्यांचा तेव्हा जीव तुटतो.

फरक? पाठदुखी तीन-चार महिन्यांत उतरली, पण मणका तसाही भरून येतच असतो, त्यामुळे सगळं श्रेय औषधाला देणार नाही. वर्षानंतरच्या डेक्सात कंबर उणे २.९ वर आली, खुबा जवळजवळ जिथल्या तिथे. मणक्यात फायदा जास्त दिसतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत चालूच आहे. नाचणीची भाकरीही, पण नुसत्या भाकरीवर एवढी झीज भरून निघत नाही, हे घरच्या सल्लागारांना अजून पटलेलं नाही.

हाडांना पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल, हाडांचा कर्करोग झालेला असेल किंवा पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेलं असेल तर हे औषध देत नाहीत. मुतखडा होऊन गेला असेल तर तेही आधी सांगा.

आणि सुरू करण्यापूर्वीच विचारा, की यानंतर काय? कोर्स साधारण दोन वर्षांचा असतो. तो संपल्यावर झीज रोखणारं दुसरं औषध घेतलं नाही, तर कमावलेलं हाड हळूहळू जातं. डेनोसुमॅब या सहामाही इंजेक्शनचा पर्याय आमच्यापुढे होता. पण त्याची तारीख चुकली तर झीज उसळते आणि मणके दबू शकतात. आमच्याकडे तारखा सांभाळणारं कुणी नाही. म्हणून माझ्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ठरलंय, वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅमचं सलाइन. पहिल्या खेपेला ताप आणि अंगदुखी होऊ शकते. त्यानंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून हललेली दाढ आत्ताच काढून घेते आहे.