मालिन की रेव्हन? पाचवीतल्या मुलाची बुद्धी मोजायला निघालात तर

गोव्यात ही वेळ बहुधा पाचवीत येते. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळा, मग एकदम इंग्रजी, आणि सहामाहीचे पेपर तपासून झाले की बाई बोलावून हळूच सांगतात, ‘एकदा टेस्ट करून घ्या ना.’ आम्हालाही सांगितलं. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. पुढच्या तीन महिन्यांत त्याच्या बुद्धीच्या दोन चाचण्या झाल्या, मालिन आणि रेव्हन, आणि मी दोन्हींबद्दल गरजेपेक्षा जास्त वाचलं. मी सायकॉलॉजिस्ट नाही, नुसता बाप आहे, तेवढं धरून वाचा.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे स्टॉल सुरुवातीलाच वगळतो. त्यांच्या बॅनरवर हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं बहुविध बुद्धिमत्तांचं रंगीत चक्र असतं. त्याने १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, त्यात अंगठ्याच्या ठशाचा कुठेच संबंध नव्हता. गार्डनर शिक्षकांना आवडतो, मलाही आवडतो, पण त्याच्या सात बुद्धी मोजायची सर्वमान्य पट्टी नाही. बिने-कामत ही जुनी बुद्धिचाचणी अजून काही ठिकाणी करतात. कामतांनी ती १९३० च्या दशकात धारवाडला कानडी आणि मराठीत बसवली, म्हणून माझा जीव तिच्यात अडकला होता. पण मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं हे जुनं गणित आणि आजोबांच्या पिढीतल्या मुलांशी तुलना, म्हणून सोडून दिली.

उरल्या दोन. मालिन म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर याच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीचं भारतीय रूप, १९६९ मध्ये नागपुरात तयार झालेलं. शब्दांच्या सहा उपचाचण्या, हाताने करायच्या पाच. रेव्हन त्याहून जुनी, १९३८ ची, आणि तिच्यात शब्दच नाहीत: साठ कोडी, बारा-बाराचे पाच संच. प्रत्येक कोड्यात नक्षीचा एक तुकडा गायब. जुन्या घरातल्या नक्षीदार फरशीची एक लादी निखळावी तसं, आणि खाली दिलेल्यांतली कुठली बसेल ते बोट ठेवून दाखवायचं.

दोघींमागचा विचार वेगळा आहे. स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये म्हटलं की सगळ्या विषयांच्या मुळाशी एकच सामान्य बुद्धी असते. रेव्हन त्याच वाटेची. मालिन मात्र शब्द, हिशेब, आकडे लक्षात ठेवणं, ठोकळे जुळवणं असं सगळं चाखून बघते. पुढे कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने साठवलेलं ज्ञान आणि नव्या कोड्याला भिडायची ताकद अशी फोड केली. माझ्या मते पाचवीतल्या गोंयकार मुलाच्या बाबतीत हीच फोड कामाची.

दोन्ही बाजू मोजते, म्हणून कागदावर मालिन सरस वाटते. म्हणून आम्ही आधी तीच केली.

आता माझी तक्रार. आमच्या घरात बोलणं कोकणी, वाचन, आरत्या आणि पेपर मराठी, शाळा इंग्रजी. चाचणी घेणारी मुलगी मनमिळाऊ होती, तिच्यासमोरचं पुस्तक इंग्रजीत. पोर गप्प बसलं की ती मनानेच भाषांतर करून विचारायची, कधी हिंदीत, कधी कोकणीत. मी दाराशी होतो, सगळं ऐकू येत होतं. चाचणीतला खरा शब्द सांगत नाही, ते प्रश्न बाहेर फुटू नयेत. त्याच जातीचा दुसरा घेतो. समजा शब्द आहे ‘आयलंड’. आमचा गप्प. तिने ‘बेट’ म्हटलं. पुस्तकात वाचलेला शब्द, म्हणून अर्धवट मान हलवली. मग तिने कोकणीत ‘जुंवो’ म्हटलं आणि हा ओरडला, ‘आजीचो गांव! चारूय वटांनी उदक!’ म्हणजे चारी बाजूंनी पाणी. आजोळ चोडण बेटावर, रायबंदरहून फेरीबोटीने जायचं, त्याला कोण शिकवणार जुंवो म्हणजे काय?

एकाच गोष्टीचे तीन शब्द, आणि तिन्हींची काठिण्यपातळी निराळी. चाचणीत शब्द सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात आणि काही ओळीने चुकले की तिथे थांबायचं असतं. भाषांतर केल्यावर ती पायरी उरतेच कुठे? कुठल्या शब्दाला तिने मदत केली, कुठल्याला केली नाही, याचीही नोंद नव्हती. दोन वस्तूंतलं साम्य सांगा म्हटल्यावर तर बघायलाच नको. समजा नारळ आणि सुपारी. ‘दोन्ही फळं’ म्हटलं की पूर्ण गुण, आमच्या पठ्ठ्यासारखं ‘दोन्हींना झाडावर चढावं लागतं’ म्हटलं की कमी. बागायतदाराला विचारा, महत्त्वाचं काय ते.

रिपोर्ट आला: शब्दांचे ८६, हातकामाचे ११०, आणि दोहोंची सरासरी काढून ठळक अक्षरांत ९८. खरं सगळं त्या चोवीसच्या फरकात होतं. शाळेने ९८ वाचला आणि ‘नॉर्मल आहे, अभ्यास करत नाही’ म्हणून फाईल मिटली. आमचीही त्या संध्याकाळी घरी थोडी वादावादी झाली, ते असो.

रेव्हन दुसरीकडे, दुसऱ्याच माणसाने घेतली. समजावून सांगायला एक मिनिट. घड्याळाची घाई नाही. मुलगा मान खाली घालून पाऊण तास बसला, शेवटच्या संचात अडखळला, बाहेर येऊन भूक लागली म्हणाला. निकाल शतमानात: त्याच्या वयाच्या मुलांत वरच्या चतुर्थांशात. मला पटला, कारण तो मला घरी दिसतो तसाच होता. ही मोजमापाची पद्धत नव्हे, कबूल.

रेव्हनला संस्कृतीमुक्त म्हणतात त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पिढ्यान्‌पिढ्या गुण वाढत जातात हे जेम्स फ्लिन या संशोधकाने दाखवलं, आणि ती वाढ रेव्हनसारख्या चाचण्यांतच ठळक निघाली. मोबाइलवर कोडी खेळणारं पोर चार पावलं पुढे असणारच. शिवाय वाचनात अडचण आहे का, आकडे डोक्यात टिकतात का, हे ती सांगत नाही. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीचा, सरकारी दाखला हवा असेल तर गोष्ट वेगळी: केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बुद्ध्यांकासाठी मालिन किंवा वेक्सलरचं नाव होतं, २०२४ मध्ये त्या सूचना बदलल्या. तिथे नुसती रेव्हन घेऊन गेलात तर परत पाठवण्याची शक्यता. आणि मूल पहिल्यापासून एकाच भाषेत वाढलेलं असेल, तर मालिनचा शब्दांचा भागही कदाचित नीट बोलेल.

पण प्रश्न एवढाच असेल की पोर मठ्ठ आहे की इंग्रजीने गांगरलंय, तर मी आधी रेव्हन करीन. मग हवं तर मालिन, आणि तिचे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागीन, सरासरी नको.

मालिनसाठी फोन कराल तेव्हा एक विचारा: प्रश्न कुठल्या भाषेत विचारणार, आणि भाषांतर आधी लिहून ठेवलेलं आहे का. आम्हाला उत्तर मिळालं होतं, ‘तो बोलेल त्या भाषेत.’ तेव्हा ऐकून बरं वाटलं होतं.