बाळाच्या लसींची खात्रीची माहिती पुण्यात कुठे मिळते: कार्ड, यू-विन, दोन तक्ते आणि बाकीची मंडळी

दीड महिन्याच्या बाळाला टोचून आणलं की त्या संध्याकाळी घरात चार प्रश्न हमखास निघतात. एकाच दिवशी तीन सुया कशा काय? ताप आला तर किती थेंब द्यायचे? पुढची तारीख कोणती? आणि शेजारच्यांच्या बाळाला दिली ती 'दुसरी' लस आपल्याला का नाही दिली? या चारही प्रश्नांना नेमकं उत्तर देणारी एकच जागा पुण्यात नाही. ज्या जागा आहेत, त्यांच्यात कोण कुठे खरं उतरतं आणि कुठे गळतं, ते इथे मांडलं आहे.

सगळ्यात वरचा नंबर माता-बाल संरक्षण कार्डाचा. ते फुकट मिळतं, हातात धरता येतं आणि मोबाइलची बॅटरी गेली म्हणून अडत नाही. गंमत अशी की बहुतेक घरांत ते फक्त तारखेपुरतं उघडलं जातं. दीड महिन्याची ओळ नीट वाचली तर पहिला प्रश्न तिथेच सुटतो. तोंडावाटे दोन गोष्टी जातात, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस. सुया तीन: डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूच्या न्यूमोनियावरची) आणि उजव्या दंडावर कातडीच्या आत ०.१ मिली आयपीव्ही (पोलिओचीच, पण सुईने द्यायची लस). जागा ठरलेल्या असण्याचा घरच्यांनाही उपयोग होतो. रात्री डावी मांडी कडक आणि लाल वाटली तर ती पेंटाची प्रतिक्रिया हे लगेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरना सांगताना 'कुठली तरी सुई सुजली' असं मोघम बोलावं लागत नाही.

कार्डाचा दोष म्हणजे छपाई मागे पडते. आयपीव्हीचा तिसरा डोस, नऊ महिन्यांचा, सरकारी तक्त्यात जानेवारी २०२३पासून आला. त्याआधी छापलेल्या कार्डावर ती ओळच नाही, त्यामुळे तो डोस समासात पेनाने लिहिलेला दिसतो आणि आजीला वाटतं, ही जास्तीची सुई कुठून आली. जपानी मेंदूज्वराची लस तर ठराविक जिल्ह्यांपुरतीच असते. ती आपल्याला लागू आहे का, याचं उत्तर कार्डावर शोधू नका, वॉर्डातल्या दवाखान्यात विचारा.

डिस्चार्जच्या वेळी या कार्डावर तीन नोंदी बघूनच बाहेर पडावं: बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा शून्य डोस (जन्मानंतर लगेचचे थेंब) आणि हेपॅटायटिस बीचा जन्मडोस. शेवटची नोंद सर्वांत जास्त निसटते, आणि ती जन्मापासून २४ तासांच्या आतच व्हावी लागते. पोलिओच्या शून्य डोसाला १५ दिवसांची मुभा आहे, बीसीजीला एक वर्षाची.

आता यू-विन. केंद्र सरकारचं हे पोर्टल जानेवारी २०२३मध्ये ६५ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४मध्ये देशभर आलं. कोविन वापरलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. मोबाइल नंबर टाका, ओटीपी घ्या, बाळाची नोंद करा, जवळचं केंद्र निवडा. मराठीतही चालतं. पुढच्या डोसाचा मेसेज येतो आणि क्यूआर कोडचं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. पुण्यात बदलीवर आलेल्या किंवा बाळंतपणाला माहेरी गेलेल्या कुटुंबाला हे खरोखर सोयीचं आहे, कारण एक डोस सोलापुरात आणि पुढचा वारज्यात असला तरी नोंद एकाच ठिकाणी राहते.

पण राहते कधी, तर दोन्हीकडे एकच नंबर सांगितला तर. माहेरी आईचा नंबर आणि सासरी बाबांचा, असं झालं की एका बाळाची दोन बाळं होतात आणि दोन्ही अर्धवट. नंबर गरोदरपणीच ठरवा आणि तो कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसरी गोम नावाची. बारशाआधी नोंद 'बेबी ऑफ अमुक' अशी पडते. नाव ठेवल्यावर केंद्रात जाऊन ती बदलून घेतली नाही, तर प्रमाणपत्रावर तेच राहतं. खाजगी दवाखान्यातला डोस आपोआप तिथे चढेलच असंही धरून चालू नका. तिथून निघतानाच विचारा. थोडक्यात, यू-विन हा चांगला कारकून आहे, सल्लागार नाही. तापाचं काय, राहिलेल्या डोसाचं काय, हे त्याला विचारायला जाऊ नये.

शेजारच्या बाळाच्या 'दुसऱ्या' लसीचा प्रश्न मात्र खरा गुंतागुंतीचा, आणि पुण्यातले निम्मे वाद त्याच्यावरच होतात. कारण इथे दोन तक्ते चालतात. एक राष्ट्रीय लसीकरणाचा, जो पालिकेच्या दवाखान्यात आणि ससूनमध्ये चालतो. दुसरा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा, म्हणजे आयएपीचा, जो खाजगी दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला असतो. दोन्ही बरोबर आहेत. पीसीव्हीच घ्या. सरकारी तक्त्यात ती ६ आणि १४ आठवड्यांना आणि बूस्टर ९ महिन्यांना. आयएपीत ६, १०, १४ आठवड्यांना आणि बूस्टर वर्षानंतर. नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात एमआर (गोवर-रुबेला) मिळते, खाजगीत एमएमआर. फरक गालगुंडाचा. टायफॉइड, कांजिण्या, हेपॅटायटिस ए आणि फ्लू या लसी आयएपीच्या तक्त्यात आहेत, सरकारी तक्त्यात नाहीत. सरकारी डोस पूर्ण झालेल्या बाळाला 'अर्धवट लसीकरण' म्हणणं चूक आहे. वरच्या लसी ऐपतीप्रमाणे आणि डॉक्टरांशी बोलून वाढवता येतात. घोळ होतो तो एक महिना इथे, एक महिना तिथे असं केल्यावर. तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच कार्ड न्यायचं, फाइल आणि कार्ड अशी दोन राज्यं करायची नाहीत.

रोटाव्हायरसचंही तसंच. सरकारी कार्यक्रमात दोन कंपन्यांच्या लसी चालतात. एकीचा डोस ५ थेंब. दुसरी, हडपसरच्या सीरमची रोटासिल, पावडरची असेल तर कालवून २.५ मिली आणि तयार द्रव असेल तर २ मिली, तीही सिरिंजने तोंडात. एका बाळाला पाच थेंब आणि दुसऱ्याला सिरिंजभर बघून 'सिस्टरने चुकून जास्त पाजलं' असा गवगवा होतो. तसं काही नसतं. शक्यतो तिन्ही डोस एकाच कंपनीचे द्यावेत, नाही मिळाले तर मिळेल त्या लसीने पूर्ण करावेत.

पेंटासारख्या, डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या लसीच्या वेळी 'पेनलेस देऊ की साधी?' हा खास खाजगी दवाखान्यातला प्रश्न. सुई दोन्हीकडे तेवढीच लांब आणि रडणंही तेवढंच. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे. 'पेनलेस'मध्ये जंतूचे निवडक अंश असतात, म्हणून ताप आणि सूज कमी, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. साधीत अख्खा मारलेला जंतू असतो. ताप जास्त, संरक्षण टिकाऊ. दर सांगण्याआधी एवढी दोन वाक्यं जो दवाखाना सांगतो, त्याची माहिती विश्वासाची समजावी.

तापाचा हिशेब कुठल्याच तक्त्यावर नसतो आणि तिथे चूक महागात पडते. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ५ किलोच्या बाळाला ५० मिलिग्रॅम धरले, तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे ते ०.५ मिली होतात, आणि ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे २ मिली. म्हणजे मिलीमागे चौपट फरक. सिरपचं माप लक्षात ठेवून ड्रॉप्स पाजले की डोस चौपट जातो. चिठ्ठीवर 'अर्धा मिली' एवढंच लिहिलेलं असेल तर ड्रॉप्स की सिरप हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या, आणि बाळाचं त्या दिवशीचं वजनही.

सिस्टर आणि आशाताई हा स्रोत आपल्याकडे उगाच खालचा मानतात. लस दिल्यावर चार गोष्टी सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढे कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, कार्ड जपून ठेवून पुन्हा आणायचं. गर्दीत तिसरी गोष्ट राहून जाते, ती आपणहून विचारावी. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन तो फुटतो आणि व्रण उरतो. त्यावर मलम लावायचं नसतं. व्रण उमटला नाही म्हणून पुन्हा टोचायचंही नसतं. एमआरनंतरचा ताप किंवा पुरळ साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी येतो, म्हणून त्याचा लसीशी संबंध घरी लागत नाही.

'आज बीसीजी नाही, गुरुवारी या' हे ऐकून चिडणारे बरेच. बीसीजी आणि एमआरची कुपी कालवल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते आणि कुपीत अनेक बाळांचे डोस असतात, म्हणून केंद्रं मुलं एका दिवशी गोळा करतात. पेंटा, पीसीव्ही, आयपीव्हीच्या उघडलेल्या कुप्या नीट ठेवल्या तर २८ दिवस चालतात, त्यामुळे त्यांना ही अडचण नसते. एवढं दारावर एका पाटीत लिहिलं तरी रोजची भांडणं मिटतील. पुण्यात पाट्यांची तर टंचाई नाही.

राहिलेल्या डोसाबद्दल सर्वांत जास्त चुकीची माहिती फॅमिली ग्रुपवर मिळते: 'गॅप पडला, आता पहिल्यापासून.' तसं नसतं, जिथे थांबलं तिथून पुढे. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, जास्त झाले तरी मोजणी पुन्हा सुरू होत नाही. साधी सर्दी हे लस टाळायचं कारण नाही. परदेशातल्या नातेवाइकांचा तक्ता तर आपल्याकडे लागूच होत नाही. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत आणि तोंडावाटे पोलिओ २०००पासून बंद आहे. डिसेंबर २०२५मध्ये तिथल्या सल्लागार समितीने आईची तपासणी निगेटिव्ह असेल तर हेपॅटायटिस बीचा जन्मडोस सरसकट देण्याची शिफारस मागे घेतली. त्याच सुमारास तिथल्या सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, लस आणि ऑटिझमबद्दलचं पान बदललं, आणि तिथल्याच बालरोगतज्ज्ञ संघटनेने त्याला हरकत घेतली. म्हणजे मोठं नाव बघून फॉरवर्ड करण्याचे दिवस राहिले नाहीत. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं व्हॅक्सिन सेफ्टी नेट बरं. २००३पासून ते लसींबद्दलची संकेतस्थळं तपासून यादीत घेतं. मराठीत त्या तोडीचं, पालकांना समजेल असं काही हाताशी लागत नाही, ही खरी उणीव.

दवाखाना चालवणाऱ्यांनी माहितीपत्रकाआधी कुपीवरचं व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारं छोटं चिन्ह, बघावं. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालेल, सारखा किंवा गडद झाला की बाद. पण ते फक्त उष्णता दाखवतं, गोठणं नाही. मेडिकलमधून लस घेऊन बर्फाच्या पिशवीत आणणाऱ्या पालकांची कुपी बर्फाला चिकटलेली असते, आणि पेंटा किंवा हेपॅटायटिस बी गोठली की व्हीव्हीएम छान दिसूनही लस निकामी झालेली असते. २ ते ८ अंश याचा अर्थ 'जितकं गार तितकं चांगलं' असा नाही. कुपी वर्तमानपत्रात गुंडाळून, बर्फापासून वेगळी आणायला सांगा. शंका आली तर ती टोचायची नाही.

लसीनंतर काही गंभीर वाटलं तर आधी दवाखाना, आणि गाडी हवी असेल तर १०८. सल्ल्यासाठी १०४. दुष्परिणामाची नोंद स्वतः करायची असेल तर औषध सुरक्षेची टोल फ्री लाइन १८००-१८०-३०२४, कार्यालयीन वेळेत. फोन लावताना कार्ड समोर ठेवा, कारण पहिले प्रश्न लसीचं नाव, तारीख, वेळ आणि टोचल्यानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला, हेच असतात. खाजगीत घेतली असेल तर फाइलमध्ये चिकटवलेल्या स्टिकरवरचा बॅच नंबरही वाचून दाखवा. स्टिकर लावलेलं नसेल तर ते त्या दवाखान्याकडून त्याच दिवशी मागून घ्या, कुपी कचऱ्यात गेल्यावर तो नंबर सापडणं अवघड.