वाचनालयातल्या तज्ज्ञांच्या गप्पा : वर्षभर जाऊन आल्यावर

आमच्या तालुक्याच्या गावी (रत्नागिरी जिल्हा) जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेचार ते साडेसहा तज्ज्ञांच्या गप्पा असतात. कधी डॉक्टर, कधी वकील, कधी समुपदेशक. विषय आरोग्याचा नाहीतर समाजात सध्या जे चाललंय त्यातला. सभासदांना फुकट, बाकीच्यांना तीस रुपये, चहा त्यातच. मी गेल्या जूनपासून जातेय, बारातल्या दहा ऐकल्या, आणि माझ्या पतपेढीतल्या दोघीतिघी सारखं विचारतात की शनिवारची दुपार घालवण्यासारखं आहे का गं ते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

आहे. जाच.

आधी सांगते की हे भाषण नसतं. दोन खुर्च्या, मधे एक टेबल, एकीवर पाहुणे आणि दुसरीवर आमच्या हायस्कूलच्या निवृत्त बाई. माझ्या मते अर्धा कार्यक्रम या बाईंमुळे चांगला होतो. डॉक्टर बोलता बोलता इंग्रजीत गेले की बाई हात वर करतात, "म्हणजे नक्की काय होतं शरीरात, ते सांगा". डॉक्टर थांबतात, परत सोपं करून सांगतात, आणि हॉलमधे साठसत्तर माणसं एकदम हं करतात. दवाखान्यात आपल्याला पाच मिनिटं मिळतात, त्यात आपण केसपेपर सांभाळतो का विचारतो, आणि घरी आल्यावर आठवतं की हे तर विचारायचंच राहिलं. इथे तोच डॉक्टर दोन तास समोर बसलेला असतो आणि त्याला कुठे जायची घाई नसते.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांचा डबा. जिन्याच्या तोंडाशी ठेवलेला असतो, शेजारी कागदाचे तुकडे आणि पेन. नाव लिहायचं नाही. चहाच्या वेळी बाई डबा उघडतात आणि चिठ्ठ्या जशाच्या तशा वाचतात, भाषा सुधारत नाहीत. सप्टेंबरमधे जिल्ह्याच्या गावाहून स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या तेव्हा डबा भरून वाहत होता. "पाळी जाऊन सहा वर्षं झाली, मधेच अंगावरून जातं, नवऱ्याला सांगितलं नाही, काय करू". "पिशवी काढून टाकली की कॅन्सरची भीती जाते का". अशा पंचवीसेक चिठ्ठ्या. माझ्या ओळखीतल्या बायकांनीच लिहिल्या असणार, रोज भाजी घेताना भेटतात त्याच, आणि एकीनेही कधी तोंडाने हे काढलेलं नाही.

मॅडमनी पहिल्या चिठ्ठीला सरळ उत्तर दिलं की पाळी पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा एकदा जरी रक्त गेलं तरी थांबायचं नाही, त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं, बहुतेक वेळा साधं कारण निघतं पण ते तपासूनच कळतं. पिशवीच्या प्रश्नावर त्या बराच वेळ बोलल्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मधे गाजलं होतं, सरकारने समितीही नेमली होती, त्याची आठवण करून देऊन म्हणाल्या की पिशवी काढणं हा मोठा निर्णय आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

मग पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर आल्या आणि मला तोपर्यंत अजिबात माहीत नसलेली एक गोष्ट कळली. या कॅन्सरची तपासणी गावातल्या बायकांना कितपत वाचवते याचा जगात गाजलेला अभ्यास आपल्याकडे झालाय, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमधे केला, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या आणि निकाल २००९ मधे छापून आला. ज्या गटातल्या बायकांची, हा कॅन्सर ज्याने होतो त्या एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात या कॅन्सरने मेलेल्या बायका तपासणी न झालेल्या गटापेक्षा जवळपास निम्म्या होत्या. एकदाच तपासणी आणि एवढा फरक. उस्मानाबादकडच्या आपल्यासारख्याच बायका रांगेत उभ्या राहिल्या म्हणून हे जगाला कळलं, हे ऐकताना मला भरून आलं.

या विषाणूवरच्या लसीबद्दलही स्पष्ट सांगितलं, की आता पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक आहे, नऊ ते चौदा वयाच्या मुलींना दोन डोस, पंधरा आणि पुढे तीन, आणि लस घेतली तरी पुढे वय झाल्यावर तपासणी सोडायची नाही. माझी पुतणी बारा वर्षांची आहे, वहिनी शेजारीच बसली होती, तिने तिथेच पाठच्या पानावर लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पहिला डोस झाला सुद्धा.

पण मला कोणी एकच गप्पा निवड म्हटलं तर मी जुलैची सर्पदंशाची निवडेन. आमच्याकडे पावसाळ्यात हा विषय घरोघरी असतो, तरी आम्ही त्याचं नावही घेत नाही, "जनावर" म्हणतो, "पान लागलं" म्हणतो. ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं काढलेले डॉक्टर आले होते. त्यांनी पडद्यावर चार साप दाखवले, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि विचारलं की आपल्याकडे सगळ्यात जास्त कुठलं. अर्धा हॉल नाग म्हणाला. ते म्हणाले फुरसं. वीतभर हातभर लांब, जांभ्याच्या चिऱ्याखाली, बागेतल्या पाल्यात बसलेलं, पाला गोळा करताना बोटाला लागतं आणि लहान दिसतं म्हणून माणूस मनावर घेत नाही, हळद लावतो, कामाला लागतो, आणि मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं. कारण फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचंच बंद होतं. मण्यारीचं वेगळं, ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं फारसं दुखतही नाही, आणि सकाळी पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत असं म्हणत माणूस उठतो.

मग त्यांनी एक काचेची नळी दाखवली. रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून बघायचं. गोठलं नसेल तर विष चढलंय. एवढी साधी तपासणी, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आणि चारही सापांवर इंजेक्शन एकच असतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला चावतो. घट्ट आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. हात नाहीतर पाय मोडल्यावर ठेवतो तसा फळीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या बांगड्या काढायच्या कारण सूज येते, आणि मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना, तिथे इंजेक्शन फुकट मिळतं.

एका काकांनी उठून विचारलं, आमच्या वाडीत भगताकडे नेतात आणि माणूस बरा होऊन येतो ते कसं. डॉक्टर शांतपणे म्हणाले की काका, बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही, ती माणसं भगताकडे नेली नसती तरी वाचलीच असती, प्रश्न उरलेल्यांचा आहे, त्यांचे तास तिथे जातात. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने बारा लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे हे त्यांनी सांगितलं तेव्हा हॉल गप्प झाला होता. केंद्र सरकारने २०२४ मधे यासाठी वेगळा आराखडा केलाय, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आणि शेवटी त्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगितलं, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि विंचू चावून मरणारी माणसं वाचायला लागली, २०२२ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या कोकणातल्या एका छोट्या केंद्रात बसून झालेलं काम आहे हे, आणि आमच्या हॉलमधल्या कितीतरी जणांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

समाजाच्या विषयांच्या गप्पा कमी होतात, वर्षात तीनच झाल्या, त्या वाढवाव्यात असं माझं म्हणणं आहे. फेब्रुवारीत एक वकीलताई आल्या होत्या, विषय वाळीत टाकणं. शिमग्याच्या आधी हा विषय घेतला याबद्दल आयोजकांना मनापासून शाबासकी, कारण आमच्याकडे गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकलं की पालखी त्या अंगणात येत नाही आणि माणसाला तेच सगळ्यात जास्त लागतं. ताईंनी सांगितलं की महाराष्ट्राने यावर २०१६ मधे कायदा केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बोलणं तोडायला लावणं, लग्नकार्यात येऊ न देणं, देवळात अडवणं, दुकानात माल न देणं, सगळं त्यात येतं.

त्याच दिवशी विधवा प्रथांवरही बोलणं निघालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मधे ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र जोडवी काढणं आपल्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. माझी आत्या माझ्याबरोबर आली होती. तिचे यजमान जाऊन एकोणीस वर्षं झाली, हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात बसते, तिला कोणी बाहेर बोलवत नाही आणि ती पण येत नाही. ती पूर्ण वेळ काही बोलली नाही. घरी जाताना रिक्षात फक्त एवढं म्हणाली, "एका गावाने लिहून काढलं गं, कागदावर". यंदा आमच्या घरी रथसप्तमीचं हळदीकुंकू होऊन गेलं होतं, पुढच्या संक्रांतीला पहिलं कुंकू आत्याला लावायचं हे मी आणि वहिनीने ठरवलंय.

आता न आवडलेलं. नोव्हेंबरची गप्पा वाईट होती आणि ते लिहिलंच पाहिजे. आहारतज्ज्ञ म्हणून जे पाहुणे बोलावले होते त्यांचं शिक्षण काय ते कोणी विचारलं नव्हतं, पहिला अर्धा तास बरं बोलले, मग हळूहळू त्यांची कसलीशी पावडर आली, आणि मागच्या टेबलावर डबे मांडलेले, अठराशेला एक. आमच्या शेजारच्या दादांनी घेतला आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली, सुदैवाने त्यांच्या सुनेच्या आठ दिवसांत लक्षात आलं. मी आणि आणखी चौघांनी वाचनालयाला लेखी पत्र दिलं. त्यांनी ते मनावर घेतलं हे कबूल करते, तेव्हापासून हॉलमधे विक्री बंद, आणि फलकावर पाहुण्यांची पदवी आणि कुठे काम करतात ते आधी लिहितात. ज्या जागेवर लोक विश्वासाने येऊन बसतात तिथे असं एकदा सुद्धा व्हायला नको होतं.

बाकी अडचणी सोयीच्या आहेत. हॉल वर, जिना उंच आणि कठडा एकाच बाजूला, त्यामुळे ज्यांना गुडघ्याचं बीपीचं सगळ्यात जास्त ऐकायचंय ते खालीच राहतात, माझी आई दोनदा येऊन परत गेली. खालचा वाचनकक्ष शनिवारी लवकर बंदच होतो, तिथे का घेत नाहीत. दुसरं म्हणजे वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी पावणेसातची, चिठ्ठ्या सुरू होतात सहाला, म्हणजे लांबून आलेल्या बायका नेमक्या उत्तरांच्या वेळी पिशव्या घेऊन उठतात. चारला सुरू करा, नाहीतर चिठ्ठ्या आधी घ्या. आणि रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतात ते दोन तासांचं सलग असतं, त्यातून आपल्याला हवं ते शोधता येत नाही, कितव्या मिनिटाला काय आहे एवढं जरी खाली लिहिलं तरी पुष्कळ होईल.

मानसिक आरोग्याची मार्चची गप्पा माझी चुकली, पण त्यात सांगितलेला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आमच्या पतपेढीत काउंटरवर लिहून लावलाय, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आतापर्यंत दोघांनी तो उतरून घेताना मी पाहिलंय.

पुढची गप्पा म्हातारपणच्या विसरण्यावर आहे, पाहुणे मुंबईहून येतायत. जागा साडेचारच्या आधीच भरतात, चारपर्यंत पोचा, आणि चिठ्ठी घरूनच लिहून आणा, तिथे डब्यापाशी सगळ्यांसमोर लिहायला संकोच वाटतो.