जुना मेसेज नेमका कुठे सापडेल? स्लॅक, टीम्स आणि गूगल चॅट यांतून निवडताना

पंधरा-वीस माणसांचं ऑफिस व्हॉट्सअ‍ॅपवरून स्लॅक, मायक्रोसॉफ्टचं टीम्स किंवा गूगल चॅट अशा ऑफिसच्या मेसेजिंग सेवेवर हलवायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते माणशी महिन्याला किती पैसे पडतील आणि व्हिडिओ कॉलला किती जण बसतील यावर. शोधाची चौकट तिन्हींत वरच दिसते, म्हणून तिच्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते निवड तिच्यावरूनच करावी. मेसेज पाठवायला तिन्ही सारखीच सोपी आहेत. ‘सातपूरच्या साइटला कोणती टाइल ठरली होती आणि होकार कोणी दिला’ हे आठ महिन्यांनी शोधायला बसलं की त्यांच्यातला फरक कळतो. आणि सापडलं नाही तर सर्वांत जास्त अडतं ते नव्या माणसाचं. जुने लोक आठवणीवर निभावून नेतात. नव्याने लागलेल्या मुलीला मात्र दर वेळी कोणाच्या तरी टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि काही दिवसांनी ती विचारायचंच सोडून देते. तिला स्वतःचं स्वतः शोधता यावं, ही मला या सगळ्या खर्चामागची सर्वांत मोठी गरज वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्येही शब्दावरून, तारखेवरून, फोटो किंवा डॉक्युमेंट असा प्रकार निवडून शोधता येतं. पण ते शोधतं तुमच्या फोनवर जे आहे त्यातच. ग्रुपमध्ये नंतर आलेल्याला आधीची चर्चा आपोआप दिसत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या क्लायंटशी झालेल्या चॅट त्याच्याबरोबरच जातात. म्हणून तो पर्याय इथेच सोडतो.

बोलण्यात ठरलेली गोष्ट शोधायची असेल तर तिघांत स्लॅक पुढे आहे. याचं मुख्य कारण शोधाच्या तंत्रात नाही, परवानगीत आहे. स्लॅकमध्ये एकेका विषयाच्या चर्चेच्या खोलीला चॅनल म्हणतात. सार्वजनिक चॅनलचा सगळा मजकूर ऑफिसातल्या कोणत्याही पूर्ण सदस्याला शोधता येतो, त्या चॅनलमध्ये तो सामील असो वा नसो. म्हणजे काल रुजू झालेली मुलगी खरेदीच्या चॅनलमध्ये कधीच नव्हती, तरी तिथे मागच्या वर्षी काय बोलणं झालं ते तिला सापडतं. टीम्समध्ये तुम्ही ज्या टीमचे सदस्य आहात तिथलेच मेसेज शोधात येतात. गोपनीयतेच्या दृष्टीने हे बरं वाटेल, पण लहान ऑफिसात याचा परिणाम असा होतो की कोणत्या टीममध्ये शोधायचं हे आधीच माहीत असावं लागतं, आणि नव्या माणसाला नेमकं तेच माहीत नसतं.

स्लॅकच्या शोधाची भाषाही चांगली आहे. इंग्रजीत ‘फ्रॉम’ लिहून कोलन आणि माणसाचं नाव दिलं की फक्त त्याचे मेसेज येतात. तसंच ‘इन’ने चॅनल ठरतं, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ने तारखेची हद्द. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेले निकाल गळतात. मला सर्वांत उपयोगी वाटतं ते ‘हॅज’: त्यापुढे कोलन आणि एखादी इमोजी दिली की ती इमोजी उमटवलेलेच मेसेज पुढे येतात. ऑफिसने एवढंच ठरवायचं की जिथे निर्णय पक्का होईल त्या मेसेजवर हिरवी टिक लावायची. मग मेसेज मराठीत असो, इंग्रजीत असो की रोमन लिपीतल्या मराठीत, ठरलेलं सगळं एका शोधात समोर येतं.

स्लॅकची अडचण फुकटच्या प्लॅनची आहे. त्यात फक्त गेल्या ९० दिवसांचं दिसतं. पूर्वी जुनं नुसतं झाकलेलं असायचं आणि पैसे भरले की पुन्हा उघडायचं. ऑगस्ट २०२४ पासून फुकटच्या प्लॅनमधलं एक वर्षाहून जुनं कायमचं पुसलं जाऊ लागलं. ‘आधी फुकट वापरून बघू, पुढच्या वर्षी पैसे भरू’ असं ठरवणारं ऑफिस सुरुवातीचेच करार-मदार गमावून बसेल. पैसे भरायचे नसतील तर शोधासाठी स्लॅक घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

टीम्सकडे बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते: टीम्स हे दार आहे, कोठार मागे आहे. चॅनलमध्ये टाकलेली फाइल शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइल-साठ्यात जाते. चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हवर, म्हणजे त्याच्या खात्याच्या वैयक्तिक साठ्यात जाते. वर्ड, एक्सेल, पीपीटी यांच्या आतला मजकूर शोधणं हे मायक्रोसॉफ्टचं जुनं आणि मुरलेलं काम आहे. कोटेशनच्या एक्सेलमधल्या एखाद्या ओळीतलं मालाचं नाव आठवत असेल तर शेअरपॉइंटवर ती फाइल सापडते, फाइलला ‘फायनल २ नवीन’ असं काहीही नाव दिलेलं असलं तरी. टीम्समध्ये वरच्या चौकटीत जायला कंट्रोल आणि ई, उघडलेल्याच चॅटमध्ये शोधायला कंट्रोल आणि एफ. ही दुसरी जोडी अनेकांना ठाऊक नसते आणि ते सगळ्या ऑफिसभर शोधत बसतात.

पण वनड्राइव्हचा धोका गंभीर आहे. माणूस नोकरी सोडतो, अ‍ॅडमिन त्याचं खातं काढून टाकतो, आणि मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर ३० दिवसांनी त्याचं वनड्राइव्ह पुसण्याच्या रांगेत जातं. त्याने चॅटमध्ये पाठवलेली ड्रॉइंग्ज तिथेच होती. टीम्स घेणाऱ्या ऑफिसने पहिल्या दिवसापासून नियम करावा: कामाची फाइल चॅटमध्ये नाही, चॅनलमध्ये. आणखी एक. एखाद्याला चालू ग्रुप चॅटमध्ये घेताना मागचं किती दाखवायचं हे टीम्स विचारतं: काहीच नाही, काही दिवसांचं, की सगळं. घाईत ‘काहीच नाही’ राहून गेलं तर त्या माणसाच्या शोधात तो भाग येणारच नाही.

गूगल चॅटचा स्वतःचा शोध मला या दोघांहून साधा वाटतो. मेसेज पाठवणारा, तारीख, जोडलेल्या फाइलचा प्रकार यांवरून गाळता येतं आणि रोजच्या कामाला ते पुरतं. गूगल घ्यायचं ते जीमेल आणि ड्राइव्हसाठी. ज्या ऑफिसात सही-शिक्क्याची चलनं, बिलं आणि पत्रं स्कॅन होऊन पडतात, त्यांना ड्राइव्ह खरोखर हात देतं, कारण ते पीडीएफ आणि फोटोतली अक्षरं वाचून त्यांवरूनही फाइल शोधतं. चॅटमध्ये एक बटण मात्र तपासा: हिस्टरी. ती बंद असलेल्या संभाषणातले मेसेज २४ तासांनी जातात, मग शोधायला काही उरत नाही. आणि वनड्राइव्हसारखाच प्रश्न ‘माय ड्राइव्ह’चाही आहे. तिथली फाइल माणसाच्या मालकीची असते, ‘शेअर्ड ड्राइव्ह’वरची संस्थेच्या. शेअर्ड ड्राइव्ह गूगलच्या सर्वांत स्वस्त बिझनेस प्लॅनमध्ये येत नाही, त्याच्या वरच्या ‘बिझनेस स्टँडर्ड’पासून मिळते. माझ्या दृष्टीने तो वरचा प्लॅन घेण्याचं हे एकच कारणही पुरेसं आहे.

मराठीतून काम चालणाऱ्या ऑफिसांनी तिन्हींत जपून राहावं. आपले शब्द प्रत्यय लागला की आतूनच बदलतात. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याच्या टाकीचं काम’ पुढे येईलच असं धरून चालू नका. रोमन लिपीत तर एकाच क्रियापदाची पाच स्पेलिंगं एकाच ग्रुपमध्ये चालू असतात. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांतलं ‘ऱ्य’ वेगवेगळे कीबोर्ड आतून वेगवेगळ्या पद्धतीने साठवतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसू शकतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे फोन-संगणक अक्षरं साठवतात त्या सर्वमान्य पद्धतीत नसतात, त्यामुळे देवनागरीत काहीही शोधलं तरी त्या हाती लागत नाहीत. या फाइली आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि मेहनत नव्या सॉफ्टवेअरआधी तिथे करावी असं मी सुचवेन. रोजच्या शोधात शब्दापेक्षा न बदलणाऱ्या खुणांवर भर द्या: पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, बिलाचा आकडा, आणि प्रत्येक कामाला एक ठरलेला कोड.

तिन्ही कंपन्या आता एआयकडून थेट उत्तरं मिळतील असं सांगतात. त्यासाठी जास्त पैसे मोजायच्या आधी हे लक्षात घ्या की उत्तर त्याच साठलेल्या मजकुरातून येतं. ९० दिवसांपलीकडचं दिसत नसेल किंवा हिस्टरी बंद असेल, तर तिथून उत्तर आणायला काही नाही. आणि दर किंवा तारीख त्यात आली असेल तर मूळ मेसेज उघडून बघितल्याशिवाय क्लायंटला कळवू नका.

माझा कल असा. निर्णय बोलण्यात होतात आणि माणसं सतत बदलतात अशा ऑफिसने पैसे भरून स्लॅक घ्यावं. सगळं काम वर्ड-एक्सेलमध्ये आहे आणि मायक्रोसॉफ्टचा प्लॅन आधीच चालू आहे, त्यांनी टीम्सच नीट लावून घ्यावं. फक्त त्या प्लॅनमध्ये टीम्स आहे ना ते बघावं, कारण एप्रिल २०२४ पासून टीम्स नसलेले प्लॅनही विकले जातात. मेल आणि स्कॅनवर चालणाऱ्यांना गूगल. सनदी लेखापालाच्या किंवा वकिलाच्या ऑफिसला मी डोळे झाकून ते सांगेन.

ट्रायल घ्याल तेव्हा नमुन्याचे मेसेज टाकून बघू नका. गेल्या महिन्यात ऑफिसात एकमेकांना खरोखर विचारलेले प्रश्न लिहून काढा. त्यांची उत्तरं ज्या मेसेजांत आणि फाइलींत आहेत त्या तिथे टाका, निम्म्या मराठीत, एखादा स्कॅनही. मग ऑफिसातल्या सर्वांत नव्या माणसाला शोधायला बसवा, आणि तोवर जुन्या कोणी तोंड उघडायचं नाही.