ट्रामाडॉल, मॉर्फिनची गोळी की पट्टी?

तीव्र दुखण्यावर डॉक्टरांनी दोन-तीन औषधांचे पर्याय समोर ठेवले की घरात पहिला कौल ट्रामाडॉलला मिळतो. ते ‘हलकं’, आणि मॉर्फिन म्हणजे आता काही उरलं नाही, असा समज. ही हलकं-जड विभागणी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६च्या तीन पायऱ्यांच्या शिडीतून (आधी साधी वेदनाशामकं, मग हलकी, शेवटी मॉर्फिनसारखी जड) रुजली. निवड करायची तर हा निकष मला सगळ्यात कमी कामाचा वाटतो. दुखणं कसलं, मूत्रपिंडं कशी आहेत, सोबत कोणती औषधं चालू आहेत, हे आधी बघायला हवं.

त्याहीआधी, ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक (वरचे तिन्ही पर्याय त्यातलेच), मुळात हवं का? कॅन्सर, मोठं ऑपरेशन, भाजणं, हाड मोडणं, इथे सहसा वाद नसतो. जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याचा संधिवात यांत मात्र पुरावा उलट बाजूला झुकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा २४० रुग्णांना वर्षभर तपासलं. ओपिऑइड घेणाऱ्यांचे रोजचे व्यवहार इतरांपेक्षा सुधारले नाहीत, औषधाचे त्रास तेवढे वाढले. तुमचं दुखणं या गटातलं असेल तर डॉक्टरांना आधी दुसरा मार्ग विचारा.

आता ट्रामाडॉल. ते दोन वाटांनी काम करतं: थोडं ओपिऑइडसारखं आणि थोडं नैराश्यावरच्या औषधांसारखं, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वाढवून. नैराश्याची गोळी आधीच चालू असेल तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. फिट येण्याचा इतिहास असेल तर हे औषध टाळलेलंच बरं. शिवाय त्याचा ओपिऑइड परिणाम यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूपांतर किती करतं यावर ठरतो, आणि हे एन्झाइम माणसागणिक वेगळं चालतं. म्हणून तीच गोळी एकाला लागूच पडत नाही, दुसऱ्याला गुंगवून टाकते. साध्या गोळ्यांची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला ४०० मिलिग्रॅम, वृद्धांत त्याहून कमी. त्यापुढे दुखलं तर औषध बदलावंच लागतं.

मॉर्फिन याउलट बरंच सरळ आहे. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास, सावकाश सुटणाऱ्या गोळीचा बारा तास. कमी मात्रेने सुरू करून डॉक्टर दुखणं आणि त्रास बघत ती वाढवतात. कॅन्सरच्या दुखण्यात मधली पायरी गाळून थेट कमी मात्रेचं मॉर्फिन द्यायला आज बरेच तज्ज्ञ तयार असतात, आणि मला ते पटतं. अडचण मूत्रपिंडांची. ती मंद असतील तर मॉर्फिनपासून बनणारे घटक शरीरात साचतात, झोप आणि गोंधळ वाढत जातो. बारा तासांची गोळी कधीही चुरडू किंवा चावू नये. सगळी मात्रा एकदम सुटते.

पट्टी सोयीची दिसते, म्हणून तिचा धोका लक्षात येत नाही. तिच्यात सहसा फेंटानिल हे ओपिऑइड असतं, ते मॉर्फिनपेक्षा सुमारे शंभरपट तीव्र. पट्टी ज्यांचं शरीर आधीच ओपिऑइडला सरावलंय आणि ज्यांचं दुखणं सतत एकसारखं आहे, त्यांच्यासाठीच. गिळता येत नसेल तर ती वरदान. पण पुरता परिणाम यायला अर्धा ते एक दिवस लागतो, आणि काढल्यावरही औषध त्वचेतून येत राहतं. म्हणून मध्येच उसळणाऱ्या कळेवर ती कुचकामी. ताप किंवा शेकाने औषध जास्त वेगाने आत जातं. तीन दिवसांनी काढलेल्या पट्टीतही लहान मुलाचा जीव घेण्याइतकं औषध असू शकतं. चिकट बाजू आत घडी घालून औषधविक्रेता सांगेल तशी विल्हेवाट लावा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर ब्यूप्रेनॉर्फिन या दुसऱ्या ओपिऑइडच्या सात दिवसांच्या पट्टीबद्दल मुद्दाम विचारा.

बद्धकोष्ठ कुठल्याही पर्यायात होऊ शकतं. मळमळ सहसा काही दिवसांत ओसरते, हे मात्र ओसरत नाही. त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासून. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांतल्या कशाबरोबरही नकोत, श्वास मंदावतो. काही आठवडे घेतल्यावर शरीर सरावतं, म्हणून औषध अचानक बंद न करता उतरवत न्यावं लागतं. याला व्यसन म्हणत नाहीत. दुखण्यासाठी नव्हे तर औषधासाठीच जीव कासावीस होऊ लागला, नुकसान दिसूनही हात थांबेना, तर ते वेगळं, आणि तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच.

कायद्याच्या बाजूने मॉर्फिन आणि फेंटानिल अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात येतात. त्याच कराराच्या प्रस्तावनेत वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य असल्याचं म्हटलंय. ट्रामाडॉल त्या करारात नाही, पण अनेक देशांनी स्वतःच्या कायद्याने ते आवळलंय. परदेशी जाताना मूळ वेष्टण, स्वतःच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, आणि त्या देशाच्या दूतावासाकडे आधी चौकशी करा. उरलेल्या गोळ्या नातेवाइकाला देणं, त्यालाही तसंच दुखत असलं तरी, बेकायदा आहे. घरात त्या कुलपात हव्यात.

मात्रा मोठी असेल किंवा दमा, घोरताना श्वास अडकणं असं काही असेल तर नालॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध, घरी ठेवावं का, हे विचारून घ्या. ते नाकात फवारायच्या रूपातही मिळतं. माणूस जागा होत नसेल, श्वास तुटक असेल तर ते द्या आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. नालॉक्सोनचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. पट्टीचा किंवा बारा तासांच्या गोळीचा तेवढ्यात ओसरत नाही, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.