बघ्याची भूमिका सोडण्याचे धडे : ‘राइट टु बी’चे ऑनलाइन प्रशिक्षण

सार्वजनिक ठिकाणी एखाद्या स्त्रीला त्रास दिला जात असताना आसपासच्या माणसांनी नेमके काय करावे, हा प्रश्न ‘धीटपणे पुढे व्हा’ एवढ्या उपदेशाने सुटत नाही. ‘राइट टु बी’ या संस्थेचे विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण असा उपदेश करत बसत नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू. २००५ साली न्यूयॉर्कमधील काही तरुण-तरुणींनी ‘हॉलाबॅक’ या नावाने हे काम सुरू केले. रस्त्यात किंवा गाडीत झालेल्या छेडछाडीचे अनुभव लोकांनी स्वतः लिहावेत आणि ते एका ठिकाणी जमावेत, असे त्याचे सुरुवातीचे स्वरूप होते. २०२२ मध्ये संस्थेचे नाव बदलले. आता त्रयस्थांनी करायच्या हस्तक्षेपाचे प्रशिक्षण ही तिची मुख्य ओळख आहे.

साधारण तासाभराच्या सत्रात पाच मार्ग शिकवले जातात : लक्ष विचलित करणे, दुसऱ्याची मदत घेणे, नोंद ठेवणे, प्रसंग ओसरल्यावर विचारपूस करणे आणि थेट बोलणे. यांपैकी थेट बोलणे हाच काय तो हस्तक्षेप, अशी बहुतेकांची समजूत असते आणि तेवढे बळ अंगी नसल्यामुळे माणसे मान खाली घालून निघून जातात. येथे मात्र थेट बोलण्याआधी स्वतःच्या आणि त्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा अंदाज घ्यायला सांगितले जाते. बोलायचे ठरवलेच, तर एखादे ठाम वाक्य उच्चारून त्रास देणाऱ्याशी हुज्जत न घालता लगेच तिच्याकडे वळायचे. याउलट लक्ष विचलित करणे कोणालाही जमण्याजोगे आहे. बसमध्ये एखादा पुरुष शेजारच्या मुलीला नाव-गाव विचारून भंडावत असेल, तर तिला ‘ही बस स्टेशनवर जाते का?’ असे विचारावे, ओळखीचे असल्यासारखे बोलत राहावे किंवा सहज दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहावे. घडणाऱ्या प्रकाराचा उल्लेखही करायचा नाही. हा सल्ला ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु भित्र्या, वयस्क किंवा एकट्या माणसालाही काहीतरी करता येते, हे त्यातून पटते.

सर्वात विचारपूर्वक मांडलेला भाग नोंद ठेवण्याविषयीचा आहे. (मोबाइल उंचावून चित्रण करणारे हात आपण सर्वांनीच पाहिले आहेत.) तिला मदत करणारे दुसरे कोणी असेल तरच चित्रण करावे, शक्यतो तारीख, वेळ आणि ठिकाण बोलून नोंदवावे आणि नंतर ते चित्रण तिच्या हवाली करावे, तिच्या संमतीशिवाय ते कोठेही टाकू नये, असे येथे बजावले जाते. पोलिसांना बोलावण्यापूर्वीही शक्य असल्यास तिला विचारायचे. पुढे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार तिचाच, हे सूत्र पाचही मार्गांतून सांभाळलेले आहे. त्यामुळे मदतीच्या नावाखाली होणारी मुजोरीही रोखली जाते. प्रसंग संपल्यावर ‘तुम्ही ठीक आहात ना? थोडा वेळ सोबत थांबू का?’ एवढे विचारण्यालाही येथे हस्तक्षेपच मानले आहे, आणि ते योग्यच आहे.

या पद्धतीमागील गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. डार्ली आणि लॅटने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात इंटरकॉमवरून कोणाला तरी फेफऱ्याचा झटका आल्याचे ऐकू येत होते. आपण एकटेच ते ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका संपण्यापूर्वी मदतीसाठी उठले; आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. त्यावरून गर्दी म्हणजे निष्क्रियता, असा समज रूढ झाला. मात्र तीन देशांतील रस्त्यांवरच्या भांडणांची २१९ कॅमेरा-चित्रणे तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत कोणीतरी मध्ये पडल्याचे दिसले, आणि माणसे जितकी अधिक तितकी ही शक्यता वाढलेली होती. लोकांना चाड नसते असे नाही. पहिले पाऊल कोणी आणि कसे उचलावे, येथे गाडी अडते. प्रशिक्षणाचा रोख याच अडचणीवर आहे.

उणीवही येथेच जाणवते. शिकणारा एकटा आहे, असे धरून सत्र चालते. दुसऱ्याची मदत घेण्याचा मार्ग शिकवला जातो खरा, पण आधीपासून एकत्र असलेल्या गटाने कामे कशी वाटून घ्यावीत, यावर फारसा वेळ दिला जात नाही. शिवाय त्रास देणारा अनोळखी असतो तेव्हा ही युक्ती चपखल बसते. तो वरिष्ठ, नातेवाईक किंवा रोज भेटणारा शेजारी असेल, तर बस कोठे जाते असे विचारून फार काही साधत नाही. तेथे तक्रार समिती, संघटना आणि दीर्घकाळ टिकणारी सोबत लागते, आणि तासाभराच्या सत्राकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल.

म्हणून हे प्रशिक्षण एकट्याने घेण्यापेक्षा कार्यालयातील सहकारी, वसतिगृहातील मुले-मुली किंवा रोज एकाच गाडीने जाणारे प्रवासी यांनी मिळून घ्यावे. सत्र संपताच आपल्या ठिकाणचा एखादा नेहमीचा प्रसंग घेऊन कोण बोलेल, कोण तिच्याजवळ थांबेल आणि कोण नोंद ठेवेल, हे त्यांनी तेथेच ठरवून घ्यावे. पुरुषांनी तर आवर्जून बसावे.