हारिओ व्ही६० आणि कामापुरतं जपानी : जपान करून आल्यानंतरचा अनुभव

हा अनुभव दोन गोष्टींचा आहे. एक, हारिओचा प्लास्टिकचा व्ही६० ड्रिपर, म्हणजे कॉफी गाळायचं नरसाळं, ०२ साइज. दुसरी, जपानला जायच्या आधी शिकलेलं मोडकंतोडकं जपानी. वेगवेगळं लिहायचा प्रयत्न केला, पण ड्रिपर हाताळला नसता तर ते जपानी फुकट गेलं असतं. तेव्हा एकत्रच.

आधी ड्रिपर. हारिओ ही टोकियोत १९२१ साली सुरू झालेली काचसामानाची कंपनी. व्ही६० म्हणजे ६० अंशांच्या कोनाचं नरसाळं: आत वळत जाणाऱ्या कडा, खाली एकच मोठं भोक. पाणी किती वेगानं उतरणार हे इथे ड्रिपर ठरवत नाही, दळण आणि तुमचा हात ठरवतो. म्हणून काही जण याला नखरेल म्हणतात. मला तोच गुण वाटतो, पण सकाळी अर्धवट झोपेत बटण दाबून कॉफी हवी असेल तर हा प्रकार तुमचा नाही.

प्लास्टिकचाच घ्या. सिरॅमिकचा देखणा दिसतो, पण तो गरम पाण्यानं नीट तापवून घेतला नाही तर सुरुवातीची उष्णता स्वतःच पितो. प्लास्टिकचा स्वस्त, हलका, बॅगेत कपड्यांत गुंडाळून कुठेही जातो. वाचलेले पैसे ग्राइंडरमध्ये घाला. मिक्सरमध्ये बिया फिरवल्या की अर्धी पूड पिठासारखी आणि अर्धी भरड होते. पीठ फिल्टरच्या कागदात बसून पाणी अडवतं आणि कॉफी एकाच वेळी कडूही लागते, आंबटही. हाताचा, आत शंकूसारखे दाते असलेला ग्राइंडर घेतल्यावर चव जेवढी सुधारली, तेवढी महागड्या बियांनीही सुधारली नव्हती.

रोजची कृती तेत्सु कासुया यांची ४:६. हाताने कॉफी गाळण्याच्या जागतिक स्पर्धेचे, वर्ल्ड ब्रूअर्स कपचे, २०१६ चे विजेते. मूळ माप २० ग्रॅम कॉफीला ३०० ग्रॅम पाणी, पाच हप्त्यांत, दर ४५ सेकंदांनी. मी १५ ला २२५ करते, म्हणजे दर वेळी ४५ ग्रॅम पाणी. पहिल्या दोन ओतण्यांवर (४० टक्के पाणी) आंबट-गोडाचा तोल, उरलेल्या तिनांवर (६० टक्के) कडकपणा. दळण मात्र भरड हवं. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या बियांना ही पद्धत छान मानवते. टँकरच्या जड पाण्यानं सगळी चव दबते आणि निव्वळ आरओच्या पाण्यानं कॉफी पोकळ लागते, म्हणून मी दोन्ही निम्मं निम्मं घेते. नवरा अजूनही चहाच पितो आणि माझ्या वजनकाट्याकडे बघून ‘सोनं मोजतेयस का’ विचारतो. असो.

आता जपानी. आपल्याला त्यात एक गोष्ट आयती मिळते. त्यांच्या अक्षरांचा क्रम अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर पोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो बसवला गेला. स्वर पाचच. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. त्यामुळे वाक्य डोक्यात उलटंपालटं करावं लागत नाही. पुण्यात क्लासेसची कमतरता नाही, पण मी घरीच एक ॲप आणि वही घेऊन बसले. त्या ॲपनं मला सफरचंद, मांजर आणि ‘मी विद्यार्थी आहे’ शिकवलं. प्रवासात यातलं काहीही लागलं नाही.

लागली ती काताकाना लिपी. मूळ अक्षरं ४६, आणि परदेशी शब्द बहुतेक याच लिपीत. कॉफीच्या मेन्यूतले निम्म्याहून जास्त शब्द परदेशीच असतात: बुरेंदो, मोका, किरिमांजारो, काफे ओरे, होत्तो, आइसु. काताकाना वाचता आली की मेन्यू उलगडतो. एवढं लक्षात ठेवा, की बुरेंदो ही त्या दुकानाची स्वतःची मिश्र कॉफी, काय घ्यावं सुचेना तर तीच मागावी. आणि अमेरिकन म्हणजे मुद्दाम हलकी केलेली.

पण खरी मेख पुढे आहे. प्रवासाची सगळी पुस्तकं तुम्हाला प्रश्न विचारायला शिकवतात. स्टेशन कुठे आहे, हे केवढ्याला. तुम्ही घोटून घोटून प्रश्न विचारता, समोरचा खूश होऊन भराभर उत्तर देतो आणि तुम्ही बघत राहता. शिवाय दुकानातली माणसं गिऱ्हाइकाशी जी आदबशीर भाषा बोलतात, ती पहिल्या पुस्तकात नसतेच. म्हणून मी जायच्या आधी उलटं केलं. आपण काय विचारणार ते बाजूला ठेवलं आणि आपल्याला काय काय विचारलं जाईल त्याची यादी केली. कॉफीच्या दुकानात ही यादी छोटी असते आणि ड्रिपर रोज वापरणाऱ्याला ती अंदाजानंच करता येते.

इथे बसून की नेणार: तेन्नाई, मोचिकाएरी. गरम की थंड. साखर, दूध. पिशवी हवी का: फुकुरो (२०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून हमखास विचारतात). बियांच्या दुकानात: किती ग्रॅम, अख्ख्या की दळून, दळायच्या तर कशासाठी. भाजणी कुठली: हलकी असाइरी, मध्यम चूइरी, गडद फुकाइरी. वाक्यातलं बाकी काही कळलं नाही तरी यातला एक शब्द कानावर पडला की उत्तर देता येतं. ‘अख्ख्याच द्या’साठी ‘मामे नो मामा दे’. हे मराठी माणूस जन्मात विसरणार नाही.

टोकियोत जिंबोचो म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे (करीसाठीही प्रसिद्ध, पण ती करी आपली नव्हे). तिथल्या गल्ल्यांत जुनी किस्सातेन, म्हणजे जुन्या वळणाची कॉफीची दुकानं आहेत: अंधारी, लाकडी, खुर्च्यांचं मखमल झिजलेलं. अशाच एका ठिकाणी काउंटरवर बसून मी फुकाइरी मागितली. मालक, त्यांना मास्ता म्हणतात, कागद नाही तर कापडाची गाळणी वापरत होते. ओल्या फडक्यात गाळणी दाबून कोरडी केली, पूड घातली आणि किटलीतून पाणी जवळजवळ थेंबाथेंबानं, मधल्या रुपयाएवढ्या जागेवरच सोडायला लागले. पूड फुगून घुमट झाला, तरी कडेला पाणी लागू दिलं नाही. घरी मी हप्त्याहप्त्यानं पाणी ओतते त्याच्या अगदी उलट. कप छोटा, कॉफी दाट, कडू पण जिभेला न ओरखडणारी. ‘नेरु?’ एवढंच मी विचारलं. फ्लॅनेलच्या गाळणीला तिकडे नेरु म्हणतात. त्यांनी मान डोलवली, गाळणी उचलून जवळून दाखवली आणि बोटांनी कापडाची खरखरीत बाजू कुठली, गुळगुळीत कुठली ते समजावलं. सगळं जपानीतच. कळलं, कारण विषय माहीत होता.

नागोयात सकाळी कॉफी मागवली की अनेक दुकानांत टोस्ट आणि उकडलेलं अंडं त्याच पैशात येतं, त्याला मोनिंगु म्हणतात. सकाळच्या भुकेला याहून स्वस्त उपाय मला सापडला नाही. रस्त्यावरच्या मशिनमध्ये लाल पट्टी गरम, निळी थंड, तिथे भाषेची गरजच नाही.

तक्रार एकच. जुन्या किस्सातेनचे हाताने लिहिलेले मेन्यू उभे आणि कांजीत (चिनीवरून आलेल्या चित्राक्षरांत) असतात. तिथे काताकाना संपते, भाषांतराचं ॲपही गडबडतं, आणि बुरेंदो म्हणून सुटका करून घ्यावी लागते.

परत येऊन काही महिने झाल्यावर बोललेलं बरंचसं विसरलंय. वाचन टिकलंय, कारण आणलेल्या बियांची पाकिटं आणि कागदाच्या फिल्टरचे गठ्ठे रोज समोर असतात. पाकिटावरची तारीख कधी रेइवा सनात (सध्याच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीच्या सनात) असते, हे माहीत असू द्या: रेइवा ७ म्हणजे २०२५. नाहीतर बिया ताज्या की शिळ्या तेच कळत नाही.

खरेदीला टोकियोतली काप्पाबाशी, हॉटेलवाल्यांच्या भांड्यांची गल्ली. फिल्टरचे कागद भरपूर आणा, वजन काहीच नसतं. लांब मानेची किटली आणायची तर गॅसवर ठेवायचीच घ्या. विजेची कितीही मोहात पाडू दे, तिकडे वीज १०० व्होल्टची आणि आपल्याकडे २३०. इलेक्ट्रिक ग्राइंडरचंही तेच.